दूरचा आंकडा : कापसाचा भाव व लालबागचा जुगार

कापूस वेचून घरांत आला म्हणजे कास्तकाराच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : आज भाव काय फुटला? हा भाव कोठें फुटतो, तो कोण फोडतो, आणि आपल्या बाजारपेठेपर्यंत येतां येतां त्याचें काय होतें, ह्याचा विचार करण्यास हंगामांत सवड नसते व हंगाम संपल्यावर इच्छा राहत नाहीं. परंतु ह्या प्रश्नाचा धागा धरून जो मागें मागें जाईल, तो मुंबईंत लालबागेपर्यंत येऊन पोहोंचेल, आणि तेथें त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. ज्या आंकड्यावर वऱ्हाड-खानदेशांतील शेतकऱ्याचा वर्षाचा संसार तोलला जात होता, त्याच आंकड्यावर लालबाग-परळच्या गिरणीकामगाराच्या पगाराचा जुगार चालत होता. शेतावर राहिलेला थोरला भाऊ व गिरणींत गेलेला धाकटा भाऊ, दोघांचेंही नशीब सातासमुद्रांपलीकडून तारेनें आलेल्या एकाच आंकड्यास टांगलेलें होतें, आणि तो आंकडा कसा तयार होतो हें दोघांपैकीं कोणासही दिसत नव्हतें.

जागतिक व्यापार, शास्त्रीय पद्धतीचा राज्यकारभार आणि देशांच्या सीमा ओलांडून चालणारे गुन्हे ह्या तिन्ही विषयांवर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीं अलीकडे पुष्कळ लिहिलें आहे. हे विषय विद्यापीठांतले आहेत, आपणांस त्यांचें काय, असें आमच्या वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु हे तिन्ही विषय कापसाच्या एका बोंडांत एकत्र आले आहेत, असें आम्हांस वाटतें. म्हणून ती हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

लालबाग व कापूस

मुंबईंतील पहिली कापसाची गिरणी कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं ताडदेव येथें काढली व ती १८५६ मध्यें चालूं झाली. पुढें पन्नास वर्षांच्या आंत भायखळ्यापासून परळपर्यंतच्या सर्व भागांत गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं, आणि लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी मिळून जो प्रदेश झाला त्यास लोक गिरणगांव म्हणूं लागले. नांवांत गांव राहिलें हें योग्यच झालें. कारण तेथें राहणारे बहुतेक लोक रत्नागिरी, सातारा, पुणें, अहमदनगर अशा जिल्ह्यांतील शेतकरी घरांतून आलेले होते. जमिनीचा तुकडा गांवीं, बायकामुलें पुष्कळदां गांवीं, आणि कर्ता पुरुष लालबागेच्या चाळींत दहा-बारा जणांच्या खोलींत. पेरणीच्या दिवसांत तो गांवीं जाई. एरवीं त्याची मनिऑर्डर जाई.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर ह्यांनीं १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत १९०० ते १९४० ह्या काळांतील मुंबईच्या कामगारांचा अभ्यास मांडला आहे. कामगार हा शेतीपासून तुटलेला निराळा प्राणी नव्हता. गांवची जमीन हा त्याचा आधार होता, व त्याचा पगार हा गांवच्या जमिनीचा आधार होता, असें त्यांच्या प्रतिपादनाचें एक अंग आहे. आमच्या वाचकांस हें सांगण्यास ग्रंथाची जरूर नाहीं. ज्याच्या घरांत कोणी ना कोणी मुंबईस होता अशा प्रत्येकास हें ठाऊक आहे. परंतु ह्याचा एक अर्थ ध्यानांत घेण्यासारखा आहे : गिरणगांवांत जो पैसा जुगारांत जाई, तो केवळ कामगाराचा नव्हता, त्यांत गांवच्या शेताचें बीं, बैल व सारा हींही असत.

भाव तारेवर कसा चढला

१८६१ मध्यें अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांत युद्ध सुरू झालें, दक्षिणेंतील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि इंग्लंडच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना. तेव्हां मुंबईच्या कापसास कधीं न मिळालेला भाव मिळूं लागला. आगबोटीनें लिव्हरपूलची बातमी येण्यास कित्येक आठवडे लागत. ज्याच्या हातीं ती आधीं पडे तो एका दिवसांत श्रीमंत होई. १८६५ मध्यें युद्ध संपलें व भाव कोसळला. मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्या व कंपन्या बुडाल्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. खेड्यांतील ज्या कुणब्यांनीं चढत्या भावाच्या भरंवशावर सावकाराचें कर्ज काढलें होतें, त्यांच्या घरांची पडझड मात्र कोणत्याही वर्तमानपत्रांत आली नाहीं.

त्याच १८६५ सालीं इराणच्या आखातावरून हिंदुस्थान व युरोप ह्यांमध्यें तार चालूं झाली, आणि १८७० मध्यें सुवेझ व एडन ह्या मार्गानें समुद्रांतली तार मुंबईस येऊन पोहोंचली. त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें कापसाच्या वायद्याचा बाजार स्थापन झाला. ह्यापुढें न्यूयॉर्क व लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्यास त्याच दिवशीं कळूं लागला, आणि मुंबईचा भाव त्या भावाच्या मागें चालूं लागला.

ह्याचें गणित साधें आहे. न्यूयॉर्कचा भाव दर पौंडास इतके सेंट असा बोलला जातो. मुंबईची रुईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारें ३५६ किलोची आहे. तेव्हां तिकडे एक सेंट हालला कीं इकडे खंडीमागें ७ डॉलर ८४ सेंटांचा फरक पडतो. एक क्विंटल कापसांतून सरकी काढल्यावर सुमारें ३४ किलो, म्हणजे ७५ पौंड रुई निघते असें धरिलें, तर शेतकऱ्याच्या क्विंटलामागें पाऊण डॉलरचा फरक झाला. तिकडच्या आंकड्याचा धक्का इकडच्या गाडीपर्यंत येतो तो असा. अर्थात् इकडची आवक, सरकीचा भाव, रुपयाची किंमत व सरकारी जकात ह्या गोष्टी मध्यें येतातच. परंतु मूळ दोरी दूर बांधलेली आहे.

आंकडा खरा करण्याचे प्रयत्न

जेथें विकणारा व घेणारा एकमेकांस पाहत नाहींत, तेथें विश्वास कशावर ठेवावयाचा हा प्रश्न लगेच उभा राहतो. गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत मुंबईच्या कापसाची परदेशांत मोठी अपकीर्ति होती. रुईंत पाणी मारावें, सरकी व माती मिसळावी, आंखूड धाग्याचा माल लांब धाग्याच्या मालांत घालावा, असे प्रकार सर्रास चालत. त्यास आळा घालण्यासाठीं १८६३ मध्यें मुंबई सरकारनें कापसाच्या लबाडीविरुद्ध कायदा केला. पुढें व्यापाऱ्यांच्या विरोधामुळें तो उठला. ह्या लबाडीचा दोष शेतकऱ्यावर घालण्याची पद्धत होती, परंतु पुष्कळशी मिसळ माल शेतकऱ्याच्या हातून गेल्यावरच, जिनांत व प्रेसांत होत असे. म्हणूनच १९२३ मध्यें हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखांत नेण्यास बंदी करण्याची तरतूद करणारा कायदा, व १९२५ मध्यें जिन-प्रेस कारखान्यांविषयींचा कायदा, असे दोन निराळे कायदे करावे लागले.

१९१९ मध्यें सरकारी कापूस समितीचा अहवाल आला व त्याच्या शिफारशीवरून १९२१ मध्यें इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. तिचा खर्च कापसावरील उपकरांतून चाले. म्हणजे तो पैसा शेवटीं कापसाच्याच होता. १९२४ मध्यें माटुंगा येथें कमिटीनें कापसाची प्रयोगशाळा काढली. लालबागेपासून ती फार दूर नाहीं. शेतीखात्यानें काढलेल्या नवीन वाणाचा धागा किती लांब, किती बारीक, किती बळकट, त्याचें सूत किती नंबरचें निघतें, हें तेथें मोजून सांगत. तोंपर्यंत माल जोखणारा दलाल रुईची चिमूट ओढून अंदाज करी. तो अंदाज त्याच्या बोटांत असे व शेतकऱ्यास त्याविरुद्ध बोलतां येत नसे. धागा मोजपट्टीवर आला, म्हणजे निदान भांडण्यास जागा झाली. ती प्रयोगशाळा आजही भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या कापूस तंत्रज्ञानाच्या संस्थेच्या रूपानें तेथेंच आहे.

बाजारपेठेंतही हाच प्रश्न होता. जुन्या रिवाजाप्रमाणें अडत्या व खरीददार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारीं उभा असे व त्याच्या वर्षाच्या कष्टांची किंमत त्याच्या डोळ्यांदेखत, परंतु त्यास न दिसतां, ठरून जाई. ह्यास पहिला आळा वऱ्हाडांत बसला. कारंजा येथें १८८६ मध्यें नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्यें वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यांत १९२७ मध्यें कापूस बाजारांचा कायदा आला. त्याखालीं धुळें येथें बाजार स्थापन झाला. पुढें १९३९ चा व १९६३ चा शेतमाल बाजाराचा कायदा ह्याच वाटेनें आले. खरें वजन, उघडा लिलाव, लेखी पावती ह्या तीन गोष्टींसाठीं ही सारी खटपट झाली. ह्यास अभ्यासक शास्त्रीय राज्यकारभार म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर रुमाल उचलण्याचा हा प्रयत्न होता.

जुगाराचा आंकडा

आतां दुसरी बाजू पाहूं. सरकार, शास्त्रज्ञ व व्यापारी ह्यांनीं मिळून जो भरंवशाचा आंकडा तयार केला, त्याच भरंवशावर जुगारी लोकांनीं आपला धंदा उभारला.

मुंबईस ही संवय जुनी आहे. १८४० नंतरच्या दशकांत येथील लोक कलकत्त्याच्या सरकारी लिलावांत अफूची पेटी काय भावानें जाईल ह्यावर पैजा लावीत. अफू येथें कोणी पाहत नसे. केवळ भावाच्या आंकड्यावर पैसे देणें-घेणें होई. पैजेंत गुंतलेल्या लोकांनीं कलकत्त्यास लिलावांतच बोली चढविल्या व त्यावरून जे दावे झाले ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. पैजेच्या कराराचा दावा न्यायालयानें ऐकूं नये असा कायदा १८४८ मध्यें सरकारला करावा लागला. पुढें पावसावर सट्टा लागूं लागला. आज पाऊस पडेल कीं नाहीं, छपराची पन्हळ वाहील कीं नाहीं, ह्यावर पेढ्यांवर रकमा लागत. १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्यांत हा प्रकार बसत नाहीं असें न्यायालयानें ठरविल्यावर १८९० मध्यें त्यांत दुरुस्ती करावी लागली. ज्या आभाळाकडे कुणबी हात जोडून पाहतो, त्याच आभाळावर मुंबईच्या सटोड्यानें पैसा लावावा, ह्यावर अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

कापसाच्या आंकड्याचा जुगार ह्याच कुळांतला. न्यूयॉर्कच्या बाजारांतून कापसाचा उघडता भाव व बंद भाव मुंबईच्या कापूस बाजारांत तारयंत्रानें येत असे. १९५० नंतरच्या दशकांत ह्या आंकड्यांवर मुंबईंत सर्रास पैसे लागूं लागले. खेळणाऱ्यास ना कापूस घ्यावयाचा होता, ना द्यावयाचा. आंकडा अमेरिकेंतून येतो, तेव्हां येथला कोणी त्यांत लबाडी करूं शकत नाहीं, एवढाच त्याचा विश्वास. १९६१ मध्यें न्यूयॉर्कच्या बाजारानें ही प्रथा बंद केली. परंतु तोंपर्यंत लोकांस चटक लागलेली होती.

१९६२ मध्यें कल्याणजी भगत ह्या गृहस्थानें वरळी मटका सुरू केला. हा मनुष्य मूळचा कच्छमधील शेतकरी; १९४१ मध्यें मुंबईस येऊन मसाले विकणें, किराणा दुकान चालविणें असे धंदे त्यानें केले होते. १९६४ मध्यें रतन खत्री ह्यानें न्यू वरळी मटका काढला. प्रथम शून्यापासून नऊपर्यंत आंकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यांत घालून एक काढीत, म्हणून मटका हें नांव पडलें. पुढें चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, परंतु नांव तेंच राहिलें. तीन पत्ते काढावे, त्यांची बेरीज करावी, बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन. काहीं वेळानें पुन्हां तसेंच करून निघेल तो क्लोज. ओपन आणि क्लोज हे शब्द पाहा : कापूस गेला, न्यूयॉर्क गेलें, तार गेली, आणि उघडत्या व बंद भावाचें नांव मात्र मडक्यास चिकटून राहिलें.

ह्या धंद्यास गिऱ्हाईक गिरणगांवानें पुरविलें. परळ, लालबाग, वरळीच्या गिरण्यांच्या दारांशीं व चाळींच्या तोंडाशीं आंकडे घेणारे बसूं लागले. चार आणे, आठ आणे लावण्यास कोणीही पुढें येई. पाळीवरून सुटलेला कामगार घरीं जातां जातां आंकडा लावी व रात्रीं जागत बसे. आणीबाणींत, १९७५ नंतर, खत्री ह्यास तुरुंगांत ठेवण्यांत आलें. धंदा मात्र थांबला नाहीं.

न्यूयॉर्कमधील तोच खेळ

हा प्रकार केवळ मुंबईचा नव्हे. १९२० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील गरीब निग्रो वस्तींत आंकड्यांचा जुगार फार माजला होता. तेथें आंकडा घेत तो बँकांच्या देण्याघेण्याचा हिशेब करणाऱ्या क्लिअरिंग हाउसच्या रोज छापून येणाऱ्या बेरजांतून. कारण तेंच : बँकांची बेरीज कोण फिरविणार! आपल्या आंकड्यांचा असा उपयोग होतो हें पाहून क्लिअरिंग हाउसनें १९३० च्या सुमारास पूर्ण आंकडे छापणें बंद केलें. तीस वर्षांनंतर कापूस बाजारानेंही तसेंच केलें. हार्लेममधील खेळ मग घोड्यांच्या शर्यतींच्या रकमांवर गेला, आणि डच शुल्झ नांवाच्या गुंडाच्या हातीं पडला. त्याच्या पदरीं ऑटो बर्मन नांवाचा एक हिशेबनीस होता. तो शर्यतीच्या मैदानावर शेवटच्या घटकेस पैसे लावून बेरीज अशी फिरवी कीं ज्या आंकड्यावर फार लोकांनीं पैसे लावले असतील तो आंकडा येऊंच नये. ज्या आंकड्यास लोक दैवाचा समजत होते, तो एका कारकुनाच्या पेन्सिलीनें ठरत होता.

शिकागो शहराच्या निग्रो वस्तीचा ड्रेक व केटन ह्या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास १९४५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत हा जुगार केवळ पोलिसांचा प्रश्न म्हणून पाहिलेला नाहीं. ज्या वस्तीस बँक जवळ करीत नाहीं व ज्या मजुरास बचत करण्यास जागा नाहीं, तेथें आंकडेवाला हाच पेढीवाला होतो, शेंकडों लोकांस रोजगार देतो व त्या जोरावर राजकारणांत शिरतो, असें त्यांनीं दाखविलें. लालबागेची गोष्ट ह्याहून फार निराळी नव्हती.

अभ्यासक काय सांगतात

थिओडोर पोर्टर ह्यांनीं १९९५ मध्यें आंकड्यांवरील विश्वास ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. मनुष्यें एकमेकांस ओळखत नाहींत तेथें आंकडा ओळखीची जागा घेतो, असें त्यांचें म्हणणें आहे. गांवचा वाणी ओळखीचा असतो, म्हणून त्याचा शब्द चालतो; लिव्हरपूलचा गिरणीवाला अनोळखी असतो, म्हणून तेथें वजन, धागा व भाव कागदावर लागतात. आम्ही ह्यास एवढीच पुस्ती जोडतों, कीं अशा विश्वासाच्या आश्रयास चोरही येतो. आंकडा जितका भरंवशाचा, तितका तो जुगारास सोयीचा.

कोराय चालिश्कान ह्या तुर्की अभ्यासकानें तुर्कस्तान व मिसर येथील कापसाच्या बाजारांत राहून, शेतकऱ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सर्वांस विचारून, २०१० मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. जागतिक भाव ही पावसासारखी वरून पडणारी वस्तु नसून ती माणसें बनवितात; व्यापाऱ्यांच्या बैठका, अंदाजपत्रकें, अहवाल व वायदे ह्यांतून ती घडते, असें त्यानें दाखविलें आहे. हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. भाव दैवाधीन आहे असें ज्यानें एकदां मानलें, तो बाजारांतही मटका खेळल्यासारखा माल घेऊन जातो. लागला तर लागला.

जुगाराचें गणित

एका अंकावर पैसे लावले तर दहांपैकीं एक वेळ तो येण्याचा संभव, आणि मिळतात ते एकास नऊ, हा सामान्य दर. जोडी लावली तर शंभरांत एक वेळ, आणि मिळतात एकास नव्वद. म्हणजे प्रत्येक रुपयामागें सरासरीनें दहा पैसे धंदेवाल्याच्या घरीं राहतात. हें ऐकून कोणी म्हणेल कीं रुपयास दहा पैसे हें काहीं फार नव्हे. परंतु खेळणारा मिळालेला पैसा पुन्हां लावतो. शंभर रुपये घेऊन जे लोक बसले, त्यांचा सरासरी पैसा सातव्या फेरीस निम्म्याखालीं येतो व बाविसाव्या फेरीस दहा रुपयांखालीं जातो. इतक्या वेगानें खाणारें व्याज जुन्या काळच्या पठाणानेंही कोणाकडून घेतलें नसेल. आणि हा हिशेब खेळ सचोटीचा आहे असें धरून आहे. बर्मनसारखा मनुष्य पेटीशीं बसला असेल तर हिशेबाचीही गरज उरत नाहीं.

दोघां भावांचें पुढें काय झालें

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. पुष्कळ गिरण्या त्यानंतर पूर्वींसारख्या चालल्याच नाहींत व एकामागून एक बंद झाल्या. कित्येक कामगार गांवीं परतले. ज्यांना परत जाण्यास जमीन नव्हती त्यांनीं मिळेल तें काम धरिलें. मीना मेनन व नीरा आडारकर ह्यांनीं गिरणगांवांतील लोकांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती एकत्र करून २००४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. रिकाम्या हातांचीं तरुण मुलें गुंडांच्या टोळ्यांकडे कशीं ओढलीं गेलीं, हेंही गिरणगांवच्या त्या काळच्या इतिहासाचें एक दुःखद पान आहे. आज लालबागेस धुराड्यांच्या जागीं उंच इमारती दिसतात. मिरची-मसाल्याचीं व चिवड्याचीं दुकानें आहेत, १९३४ पासूनचा लालबागचा राजा आहे. परंतु आपला कापूस तेथें जात नाहीं.

गिरण्यांबरोबर मटक्याचाही जोर ओसरला. पण धंदा मेला नाहीं. त्यानें घर बदललें. तारेच्या जागीं भ्रमणध्वनि आला. आतां आंकडा घेणारा चाळीच्या तोंडाशीं नसतो; तो परक्या देशांत बसलेला असूं शकतो, आणि खेळणारा आपल्याच गांवच्या पारावर असतो. अशा धंद्यावर एका देशाचा पोलीस पुरा पडत नाहीं. सीमा ओलांडणाऱ्या संघटित गुन्ह्यांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार २००० मध्यें झाला व भारतानें तो २०११ मध्यें मान्य केला, त्याचें कारण हेंच. २०२५ च्या ऑगस्टमध्यें भारत सरकारनें पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. त्यांत खेळ चालविणाऱ्यास, त्याची जाहिरात करणाऱ्यास व पैशाची सोय करून देणाऱ्यास शिक्षा आहे, खेळणाऱ्यास नाहीं. खेळणाऱ्याची शिक्षा त्याच्या घरांतच होते.

शेतकऱ्याच्या आंकड्याचें म्हणाल तर तो अद्याप दूरच आहे. महाराष्ट्र सरकारनें १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी चालविली. ती पुढें तोट्यांत बुडून २००२ च्या सुमारास संपल्यासारखी झाली. आतां हमी भाव आहे. २०२५-२६ साठीं तो मध्यम धाग्यास क्विंटलास ७,७१० रुपये व लांब धाग्यास ८,११० रुपये ठरला. परंतु त्याच ऑगस्टांत परदेशी कापसावरील अकरा टक्के जकात काहीं काळ उठविली गेली व ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत लांबविली गेली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामांत दूरचा आंकडा पुन्हां आपल्या दारांत येऊन उभा राहिला.

आपण काय करावें

दूरचा भाव हालविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्याच्या व आपल्यामधील पुष्कळसें अंतर आपल्या हातांतलें आहे. त्यासंबंधीं चार गोष्टी सुचवाव्या असें वाटतें.

पहिली : माल मोजून व वाळवून न्यावा. सरकारी खरेदींत ओल आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव मिळतो, त्यापुढें कपात होते व बारा टक्क्यांवर माल घेत नाहींत. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस शेवटच्या कवडी कापसांत मिसळूं नये, आणि वेचणीस ताग-प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरूं नयेत. आपली मोजणी पक्की असली म्हणजे समोरच्यास अंदाजाचा रुमाल टाकतां येत नाहीं.

दुसरी : सर्व माल एका दिवसाच्या भावावर सोडूं नये. निकडीपुरता आधीं, बाकीचा दोन-तीन टप्प्यांनीं विकावा. ह्यानें सर्वांत वरचा भाव कदाचित् हातचा जाईल, परंतु सर्वांत खालच्या भावांत सारें वर्ष बुडणार नाहीं.

तिसरी : वायद्याच्या बाजारास हात लावावयाचाच असेल तर तो संघामार्फत, आपल्या शेतांत उभ्या असलेल्या मालापुरता व भाव उतरण्याच्या भीतीवर विमा म्हणून लावावा. ज्याच्याजवळ रुई नाहीं व जो तरी रुईचा भाव खेळतो, त्याच्यांत व मटक्याच्या गिऱ्हाइकांत कागदाचाच काय तो फरक आहे.

चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत जरूरीची : घरांत एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस किती माल नेला, ओल किती निघाली, त्या दिवशीं न्यूयॉर्कचा भाव काय होता, मुंबईंत खंडी काय होती व आपल्या हातीं काय पडलें, हें तिच्यांत लिहावें. ही वही घरांतील तरुण मुलाकडे द्यावी. भ्रमणध्वनीवर आंकडे पाहण्याची त्यास गोडी असतेच. ती गोडी जुगाराकडे जाण्यापेक्षां हिशेबाकडे गेलेली बरी. दोन-तीन हंगामांच्या वह्या एका गांवांत दहा घरीं झाल्या, तर त्या गांवास व्यापाऱ्याशीं, बाजारसमितीशीं व सरकाराशीं पुराव्यानिशीं बोलतां येईल.

लालबागेच्या कामगारास असा हिशेब मांडून दाखविणारें कोणी भेटलें नाहीं, असें नव्हे. परंतु तो मांडला जाण्यापूर्वीं त्याचा पगार संपलेला असे. आपल्या घरांत अजून वेळ आहे. आमच्या वाचकांपैकीं जे अशी वही ठेवतील, त्यांनीं हंगामाच्या अखेरीस तिचा सारांश आम्हांकडे अवश्य पाठवावा. तो ह्या मासिकांत आनंदानें छापूं, म्हणजे एका गांवचा अनुभव दुसऱ्या गांवच्या उपयोगीं पडेल.